अभिनेत्री-गायिकेच्या गाण्यांची यादी कशी करावी: पहिल्या ओळीपासून पडताळणीपर्यंत

अभिनय आणि पॉप गायन दोन्ही करणाऱ्या कलावंताच्या ध्वनिमुद्रित गाण्यांची यादी करायला बसलं की पहिली अडचण ही येते, की तिचा आवाज एका जागी सापडत नाही. काही गाणी तिच्या स्वतःच्या अल्बममध्ये असतात, काही चित्रपटाच्या किंवा मालिकेच्या ध्वनिफितीत, काही दुसऱ्याच्या सिंगलवर (स्वतंत्रपणे काढलेल्या गाण्यावर) पाहुणी म्हणून, तर काही मदतनिधीसाठी अनेकांनी मिळून गायलेली. त्यात भर म्हणजे पडद्यावर ती ओठ हलवताना दिसते आणि आवाज भलत्याच गायिकेचा असतो. ‘करम’ (२००५) मध्ये प्रियांका चोप्रा आहे, पण त्यातलं ‘तिनका तिनका’ गायलंय अलिशा चिनॉय यांनी. नवख्याच्या यादीत अशी एखादी ओळ हमखास घुसते.

खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका. लोक आधी गाणी गोळा करतात आणि नियम मग ठरवतात. शंभरेक ओळी भरून झाल्यावर नियम बदलला की सगळं परत तपासावं लागतं, आणि बहुतेक याद्या तिथेच सोडून दिल्या जातात.

१. एक ओळ म्हणजे काय, हे आधी ठरवा

तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. रचना म्हणजे शब्द आणि चाल. ध्वनिमुद्रण म्हणजे त्या रचनेचं एकदा स्टुडिओत झालेलं गायन. प्रकाशन म्हणजे ते ध्वनिमुद्रण ज्या सीडीवर, सिंगलवर किंवा अल्बममध्ये बाहेर आलं ते. एका रचनेची अनेक ध्वनिमुद्रणं असू शकतात, आणि एकच ध्वनिमुद्रण दहा अल्बममध्ये असू शकतं.

कायली मिनोग हिचं उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. ‘नेबर्स’ या ऑस्ट्रेलियन मालिकेमुळे ती घराघरांत पोहोचली होती. १९८७ मध्ये तिने ऑस्ट्रेलियात ‘लोकोमोशन’ प्रकाशित केलं. पुढे १९८८ मध्ये स्टॉक-एटकेन-वॉटरमन या निर्मात्यांसोबत तेच गाणं नव्याने ध्वनिमुद्रित झालं. मूळ रचना गेरी गॉफिन आणि कॅरोल किंग यांची, १९६२ मध्ये लिटल ईव्हाने गायलेली. म्हणजे रचना एक, कायलीची ध्वनिमुद्रणं दोन. ‘कायलीचं पहिलं सिंगल’ अशी नोंद करून खाली १९८८ चं श्रेय लिहिलं, तर ती ओळ सरळ चुकते.

मुख्य यादीत एक रचना म्हणजे एक ओळ ठेवा. तिची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं (रीमिक्स, अकूस्टिक, लाइव्ह, नव्याने गायलेलं) दुसऱ्या शीटवर घ्या. सगळं एकाच तक्त्यात घातलं की एकेका लोकप्रिय गाण्याच्या आठ-दहा ओळी होतात आणि ‘हिने एकूण किती गाणी गायली?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येत नाही.

२. काय घ्यायचं, काय नाही

मुख्य गायिका, द्वंद्वगीतातली गायिका आणि श्रेयात नाव असलेली पाहुणी, हे तिन्ही प्रकार मुख्य यादीत घ्या. अनेकांच्या समूहाने गायलेली गाणी घ्या, पण वेगळी खूण करून. ‘वी आर द वर्ल्ड २५ फॉर हैती’ (२०१०) मध्ये अमेरिकन अभिनेत्री-गायिका मायली सायरसने गायलं आहे, पण प्रकाशन ‘आर्टिस्ट्स फॉर हैती’ या नावाने आहे. तिच्या नावाने शोधत राहिलात तर ते हाती लागेलच असं नाही.

गाण्यात नुसते संवाद किंवा एखाददुसरं बोललेलं वाक्य असेल, तर ते मुख्य यादीत नको. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात गायलेलं आणि पुढे कधीच प्रकाशित न झालेलं गाणंही नको. जाहिरातीतलं गाणं स्वतंत्र प्रकाशित झालं असेल तरच घ्या.

अप्रकाशित गाण्यांसाठी तिसरी शीट ठेवा आणि ती रोडकीच राहू द्या. इंटरनेटवर फुटलेल्या फायलींना शीर्षक कुणीतरी मनाने दिलेलं असतं, आणि बऱ्याचदा आवाज त्या अभिनेत्रीचा नसून गीतकारासाठी नमुना गाणाऱ्या गायिकेचा असतो. पॉप संगीतात असे नमुने सर्रास बनतात, आणि नंतर ज्या गायिकेला ते गाणं मिळतं तिची ढब नमुन्यासारखीच वाटू शकते. फक्त कानावर भरवसा ठेवून अशी फाईल यादीत घेऊ नका.

३. तक्ता

गूगल शीट किंवा एक्सेल, काहीही चालेल. स्तंभ हे: शीर्षक (छापलं आहे तसं), क्रमासाठीचं शीर्षक, श्रेयात छापलेलं कलावंताचं नाव, सहगायक, गीत, संगीत, ध्वनिनिर्माता, अल्बम किंवा चित्रपट, भाषा, पहिल्या प्रकाशनाचं वर्ष, लांबी, आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा ओळखक्रमांक, पाहा भाग ५), पुरावा, शेरा.

‘क्रमासाठीचं शीर्षक’ हा स्तंभ अनेकांना फालतू वाटतो. पण इंग्रजी गाण्यांत ‘द’ किंवा ‘अ’ ने सुरू होणारी शीर्षकं बरीच असतात, आणि काहींच्या सुरुवातीला कंस असतो. हे काढून टाकलेलं रूप वेगळ्या स्तंभात असलं की अकारविल्हे लावताना छापील शीर्षकाला हात लावावा लागत नाही.

‘श्रेयात छापलेलं नाव’ हा तर तक्त्याचा कणा आहे. अमेरिकन अभिनेत्री-गायिका सेलेना गोमेझचे पहिले तीन अल्बम (२००९, २०१० आणि २०११) ‘सेलेना गोमेझ अँड द सीन’ या बँडच्या नावाने आले. तिच्या एकटीच्या नावाचा पहिला अल्बम आला २०१३ मध्ये. स्ट्रीमिंगवर बँडचं पान वेगळं आणि तिचं वेगळं असतं. एकच पान उघडून यादी केली की तीन अल्बम गळतात. लग्नानंतर बदललेली नावंही अशीच दगा देतात: प्रियांका चोप्राच्या नावापुढे २०१८ नंतर अनेक ठिकाणी ‘जोनस’ लागतं, म्हणून शोध दोन्ही नावांनी घ्यायचा.

गीत आणि संगीत हे स्तंभ भारतीय गाण्यांत सहज भरतात, कारण गीतकार आणि संगीतकार वेगळे छापलेले असतात. पाश्चात्त्य पॉपमध्ये पाच-सहा जणांना मिळून एकच ‘लेखन’श्रेय असतं. तिथे दोन्ही स्तंभांत तीच नावं लिहा. कोणी शब्द लिहिले आणि कोणी चाल दिली, याचा अंदाज बांधू नका. ध्वनिनिर्मात्याचं नाव मात्र त्यात मिसळायचं नाही. तो अनेकदा लेखकांपैकी एक असतो, पण नेहमीच नाही.

४. पुरावा कुठून घ्यायचा

सर्वांत आधी सीडी किंवा रेकॉर्ड आणि तिच्यासोबतची छापील पुस्तिका. वस्तू हातात नसेल तर डिस्कॉग्ज या रेकॉर्ड-सीडींची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर वापरणाऱ्यांनी चढवलेली पुस्तिकेची छायाचित्रं पाहा. तिथे मजकुराच्या रकान्यापेक्षा छायाचित्रावर जास्त विसंबा, कारण रकाना कुणीतरी हाताने भरलेला असतो.

मागच्या बाजूला खाली दोन खुणा छापलेल्या असतात. वर्तुळातला ‘पी’ हा ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा आणि वर्तुळातला ‘सी’ हा वेष्टन, चित्रं आणि मजकूर यांच्या हक्काचा. गाण्याचं वर्ष शोधताना ‘पी’ पाहायचा. संकलन अल्बमवर ‘पी’ च्या पुढे नवं वर्ष असू शकतं, तेव्हा पुस्तिकेत प्रत्येक गाण्याखाली दिलेली बारीक ओळ वाचा. मूळ वर्ष बहुधा तिथेच सापडतं.

त्यानंतर लेखनश्रेयासाठी हक्कसंस्थांच्या नोंदी. अमेरिकेत ॲस्कॅप आणि बीएमआय यांच्या नोंदी कुणालाही शोधता येतात, आणि भारतात गीतकार-संगीतकारांचे हक्क आयपीआरएस सांभाळते. या नोंदी रचनेच्या असतात, ध्वनिमुद्रणाच्या नाहीत, एवढं विसरू नका. अभिनेत्रीचं नाव लेखक म्हणून नोंदलेलं आहे याचा अर्थ तिने ते गाणं गायलं असा होत नाही. ते दुसऱ्याच कुणी गायलेलं असू शकतं किंवा कधीच ध्वनिमुद्रित झालेलं नसू शकतं.

अमेरिकन अभिनेत्री-गायिका हिलरी डफच्या २००८ च्या संकलनातलं ‘रीच आउट’ घ्या. त्यात डेपेश मोड या बँडच्या ‘पर्सनल जीझस’चा तुकडा वापरला आहे, म्हणून लेखनश्रेयात त्या गाण्याचे लेखक मार्टिन गोर यांचं नाव येतं. ते पाहून कुणी ‘गोर यांनी डफसाठी गाणं लिहिलं’ अशी नोंद केली, तर ती चूक पुढे दहा ठिकाणी उतरवली जाईल. तुकडा वापरला असेल तर शेऱ्यात तसं स्पष्ट लिहा.

स्ट्रीमिंग सेवा सर्वांत शेवटी. गाणं अस्तित्वात आहे हे कळायला आणि लांबी पाहायला त्या छान आहेत. वर्षासाठी मात्र बेभरवशाच्या: जुना अल्बम नव्या कंपनीकडून परत चढवला गेला की तिथली तारीखच बदलते.

५. आयएसआरसी वाचायला शिका

हा ध्वनिमुद्रणाचा ओळखक्रमांक आहे, बारा चिन्हांचा. पहिली दोन अक्षरं सहसा देश दाखवतात, पुढची तीन चिन्हं क्रमांक देणाऱ्या कंपनीची, मग वर्षाचे दोन अंक आणि शेवटी पाच अंकांचा अनुक्रम. आंतरराष्ट्रीय ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना आयएफपीआय हिच्या शोधपानावर गाण्याच्या किंवा कलावंताच्या नावाने तो मिळतो.

फसगत होते ती वर्षाच्या अंकांनी. तो क्रमांक ज्या वर्षी दिला त्या वर्षाचा असतो. गाणं कधी गायलं किंवा कधी बाहेर आलं याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. ही पद्धतच १९८६ मधली आहे, त्यामुळे त्याआधीच्या प्रत्येक गाण्याला क्रमांक नंतर मिळालेला आहे. देशाची अक्षरंही क्रमांक देणाऱ्या कंपनीची. स्टुडिओ कुठे होता हे त्यावरून कळत नाही.

याचा खरा उपयोग वेगळाच आहे. दोन अल्बममधल्या एकाच शीर्षकाच्या गाण्यांचा क्रमांक सारखा असेल, तर ध्वनिमुद्रण एकच, दुसरी ओळ नको. क्रमांक वेगळा असेल तर मात्र लगेच ‘नवं ध्वनिमुद्रण’ म्हणू नका. कंपनी बदलल्यावर त्याच ध्वनिमुद्रणाला चुकून दुसरा क्रमांक दिला गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तिथे कानांची पाळी येते.

६. दोन ध्वनिमुद्रणं एकच आहेत का?

आधी लांबी पाहा. एक-दोन सेकंदांचा फरक म्हणजे बहुतेक वेळा शेवटची शांतता कमीजास्त आहे. पंधरा-वीस सेकंदांचा फरक असेल तर कडवं किंवा मधला वाद्यवृंद कापलेला असण्याची शक्यता जास्त.

मग ऑडॅसिटी किंवा तत्सम ध्वनिसंपादक सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फायली एकाखाली एक ठेवा. नमुनादर (सॅम्पल रेट) दोन्हींचा सारखा हवा; नसेल तर आधी एक बदलून घ्या. पहिल्या ठोक्यावर पूर्ण झूम करून दोन्हींच्या लहरी तंतोतंत जुळवा, एक फाईल ‘इन्व्हर्ट’ करा (तिची लहर उलटी करा) आणि दोन्ही एकत्र वाजवा. ध्वनिमुद्रण एकच असेल तर आवाज जवळजवळ नाहीसा होतो, एमपीथ्री असल्यास मागे हलकी सरसर उरते. रीमास्टर (जुन्याच ध्वनिमुद्रणावर नव्याने केलेली ध्वनिप्रक्रिया) असेल तर पूर्ण शांतता येत नाही, गाणं पोकळ आणि पातळ ऐकू येतं. वाद्यं गायब झाली आणि आवाज मात्र दुहेरी राहिला, तर संगीत तेच ठेवून गायन नव्याने झालंय. काहीच कापलं गेलं नाही तर एकतर ध्वनिमुद्रण वेगळं, किंवा तुमची जुळणी चुकली. निष्कर्ष काढण्याआधी जुळणी परत करून पाहा.

चित्रपटाच्या डीव्हीडीवरून गाणं घेतलं असेल तर एक खास अडचण येते. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर सहसा २५ चौकटींनी चालतो, म्हणजे सुमारे ४ टक्के वेगाने. चार मिनिटांचं गाणं साडेनऊ सेकंदांनी आखूड होतं, आणि सूर न सावरल्यास पट्टी अर्ध्या सुरापेक्षा (सेमिटोनपेक्षा) थोडी कमी चढते. पुष्कळांनी याला ‘चित्रपटातली वेगळी आवृत्ती’ समजून ओळ वाढवली आहे. वेग ४ टक्क्यांनी कमी करून वरची चाचणी केली की खरं काय ते कळतं.

७. पात्राच्या नावाने आलेली गाणी

अभिनेत्रीच्या यादीत ही गाणी सांभाळणं सर्वांत नाजूक. श्रेयात तिचं नाव नसतं, तिने केलेल्या पात्राचं असतं. ‘हॅना मोंटाना’ मालिकेची गाणी त्या काल्पनिक गायिकेच्या नावाने आली, आवाज मायली सायरसचा. २००७ च्या जोड-अल्बममध्ये पहिली तबकडी हॅना मोंटानाची आणि दुसरी मायली सायरसच्या स्वतःच्या नावाची आहे. एकाच खोक्यात दोन श्रेयं, तेव्हा अल्बम पाहून स्तंभ भरू नका, तबकडी पाहून भरा.

हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. ‘महल’ (१९४९) मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या सुरुवातीच्या तबकड्यांवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव. आवाज लता मंगेशकर यांचा. एके ठिकाणी पात्र आणि आवाज एकाच बाईचे, दुसऱ्या ठिकाणी वेगवेगळे. म्हणून पात्राचं नाव दिसलं की ते छापलं आहे तसंच श्रेयाच्या स्तंभात ठेवा, आणि प्रत्यक्ष आवाज कोणाचा याचा वेगळा पुरावा मिळाल्यावरच ओळ पक्की करा.

८. छोटी यादी करून हात बसवा

पहिल्याच फटक्यात दीडशे गाण्यांची गायिका घेऊ नका. प्रियांका चोप्रा सरावाला उत्तम, कारण गाणी मोजकी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक प्रकारची अडचण त्यांत भेटते.

२००२: तमिळ चित्रपट ‘तमिळन’, विजयसोबतचं ‘उळ्ळत्तै किळ्ळादे’, संगीत डी. इमान. हिंदी-इंग्रजी शोधात ते येत नाही, म्हणून चित्रपटाच्या नावाने शोधा आणि भाषेचा स्तंभ न विसरता भरा. २०१२: ‘इन माय सिटी’, पाहुणा विल.आय.ॲम. त्याच वर्षी चेनस्मोकर्स या अमेरिकन जोडीचं ‘इरेज’. तिथे मुख्य कलावंत ते आहेत, प्रियांका नाही, त्यामुळे श्रेयाचा क्रम उलटा. २०१३: ‘एक्झॉटिक’, पाहुणा पिटबुल, इंग्रजीत हिंदी ओळी मिसळलेल्या. भाषेत दोन्ही लिहा. २०१४: ‘आय कान्ट मेक यू लव्ह मी’. हे बॉनी रेट यांनी १९९१ मध्ये गायलेल्या गाण्याचं नवं रूप, लेखन माइक रीड आणि ॲलन शॅम्ब्लिन यांचं. लेखनात तीच नावं येतील, शेऱ्यात मूळ गायिका. त्याच वर्षी ‘मेरी कोम’मधलं अंगाईगीत ‘चाओरो’. २०१५: ‘दिल धडकने दो’चं शीर्षकगीत, फरहान अख्तरसोबत, गीत जावेद अख्तर, संगीत शंकर-एहसान-लॉय. गाणं, अल्बम आणि चित्रपट तिन्हींचं नाव एकच, तेव्हा शीर्षक आणि चित्रपट हे स्तंभ वेगळे ठेवण्याचं महत्त्व इथे कळतं. २०१६: ‘व्हेंटिलेटर’ या मराठी चित्रपटातलं ‘बाबा’. या चित्रपटाची निर्मिती तिच्याच कंपनीची आहे. निर्माती आणि गायिका या दोन नोंदींची सरमिसळ होऊ देऊ नका.

या ओळी पुराव्यासह भरून झाल्या की आणखी काय सापडतं ते स्वतः शोधा. एकट्या चित्रपटगीताची तालीम हवी असेल तर ‘समझावाँ’ घ्या: ‘हम्प्टी शर्मा की दुल्हनिया’ (२०१४) मध्ये अरिजित सिंग आणि श्रेया घोषाल यांचं, तर आलिया भट्टच्या आवाजातली ‘अनप्लग्ड’ आवृत्ती वेगळी. आलियाच्या यादीत फक्त दुसरी येते.

९. पुनर्प्रकाशनं आणि ‘बेस्ट ऑफ’

गळलेली गाणी सापडण्याची ही हमखास जागा. संकलनात सगळं जुनंच असणार असं मानून लोक ते उघडतच नाहीत. हिलरी डफच्या २००५ च्या ‘मोस्ट वाँटेड’मध्ये तीन नवी गाणी होती, २००८ च्या ‘बेस्ट ऑफ’मध्ये दोन. तिचा २००२ चा नाताळचा अल्बम पुढच्या वर्षी एक गाणं वाढवून परत काढला गेला.

जपानी आवृत्त्या आवर्जून पाहा. तिथे देशी सीडी आयात सीडीपेक्षा महाग असते, म्हणून गिऱ्हाइकाने देशी घ्यावी यासाठी एखाददुसरं जादा गाणं घालायची जुनी पद्धत आहे. दुकानसाखळीसाठी काढलेल्या खास आवृत्त्या आणि सिंगलची दुसरी बाजू हीही तपासायची ठिकाणं आहेत.

१०. पडताळणी

‘पुरावा’ स्तंभ रिकामा असलेल्या ओळी फिल्टरने वेगळ्या काढा आणि लाल करा. त्या पुसू नका, पण एकूण आकड्यातही धरू नका. नंतर लांबीनुसार क्रम लावा: सारख्या लांबीची, वेगळ्या शीर्षकाची दोन गाणी शेजारी आली तर ते एकच गाणं दोन देशांत दोन नावांनी आलेलं असू शकतं. मग आयएसआरसीनुसार क्रम लावून दुहेरी क्रमांक पाहा. शेवटी प्रत्येक अल्बमच्या गाण्यांची संख्या त्याच्या मागच्या बाजूवरच्या संख्येशी ताडून बघा. हे पाच मिनिटांचं काम सर्वांत जास्त चुका पकडतं.

यादीच्या माथ्यावर ‘अमुक तारखेपर्यंत’ असं लिहा आणि तुमचे समावेशाचे नियम चार ओळींत द्या. नवं गाणं आलं की लगेच ओळ घाला, पण वर्ष आणि शीर्षक एवढंच भरून. पूर्ण श्रेयं अनेकदा प्रकाशनाच्या दिवशी अपुरी असतात आणि हक्कसंस्थांच्या नोंदी मागाहून येतात, त्यामुळे बाकीचे स्तंभ दोन-तीन महिन्यांनी परत येऊन भरा.